गुणगुणून रंगवलेला पडदा

तिला सगळे पोपटी म्हणत. कारखान्यात पोपटीबाई, गल्लीत पोपटीमावशी, घरात नुसतीच पोपटी. पोपटी रंगाचा कपडा तिने जन्मात अंगाला लावला नव्हता, आणि पोपटासारखी बडबडणारीही ती नव्हती. चार प्रश्न विचारावेत तेव्हा एकाचं उत्तर देणारी बाई. मग हे नाव हिला चिकटलं कुठून, असं नवा माणूस हमखास विचारी, आणि जुनी माणसं ‘कोण जाणे’ म्हणून मोकळी होत. खरी गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती: तिला, तिच्या धाकट्या भावाला आणि आईला.

ती लहान होती तेव्हा घराच्या मागच्या दाराची बिजागरी तेलावाचून कुरकुरायची. एका सकाळी भाऊ ते दार उगाचच उघडझाप करत बसला होता. ही दुधाचा पेला तोंडाला लावून बसलेली. मध्येच वैतागून म्हणाली, “किती पोपटी आवाज करतोस रे! डोळ्यांत जातोय.”

भाऊ पोट धरून हसला. दिवसभर ‘पोपटी, पोपटी’ करत तिच्यामागे हिंडला. आई मात्र हसली नाही. आईने तिला दंडाला धरून आत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, “पुन्हा असलं बोलायचं नाही. घरात नाही, बाहेर तर नाहीच नाही. आवाजाला रंग नसतो. कळलं?”

पोरीने मान हलवली. त्या क्षणी आईचा आवाज ओल्या राखेसारखा करडा झाला होता. ते तिने सांगितलं नाही. पुढे आयुष्यभर असे किती रंग तिने गिळले, त्याची ही सुरुवात.

त्याच संध्याकाळी आईने बिजागरीला स्वतः तेल घातलं, इतकं की दाराखाली डाग पडला. ते दार पुन्हा कधी कुरकुरलं नाही. नाव मात्र राहिलं.

मोठी झाल्यावर ती कापड रंगवण्याच्या कारखान्यात लागली. नदीच्या वळणावर तो लांबलचक कारखाना उभा होता. आत वाफ इतकी, की पलीकडच्या टाकीवरचा माणूस नुसता सावलीसारखा हलताना दिसायचा. फरशी कायम ओली. पायांत रबरी बूट, कमरेला गुंडाळलेलं मेणकापड, हातात कापड ढवळायचं लांब लाकडी वल्हं. तांब्याच्या मोठाल्या टाक्यांत रंग उकळत असायचा आणि त्यात कापड बुचकळ्या खात फिरायचं. या कामात वल्हं फिरवायला ताकद लागते ते खरं, पण खरं कसब वेगळंच आहे. टाकी थांबवायची केव्हा, हे कळलं पाहिजे. ओल्या कापडाचा रंग लबाड असतो. ओलं असताना गडद दिसतं आणि वाळलं की फिकं पडतं, तेही प्रत्येक कापड आपापल्या तऱ्हेने. तुकडा कापून वाळवून बघावा, तर तो वाळेपर्यंत टाकीतलं कापड पुढे निघून गेलेलं असतं. ओल्यातच वाळलेलं बघता यावं लागतं.

पोपटीला ते बघता यायचं. टाकीतून कापडाचं टोक वल्ह्यावर उचलायची, खिडकीच्या उजेडात धरायची आणि हलकेच गुणगुणायची. एकच सूर, लांबवलेला. मग म्हणायची, “थांबवा.” टाकी थांबायची, आणि वाळल्यावर कापड नमुन्याला असं जाऊन मिळायचं की जोड शोधूनही सापडू नये.

लोकांना वाटे, बाई मोठी आनंदी आहे, कामात गाणी गुणगुणते. रंगखात्याचे मेस्त्री तर नव्या माणसाला शिकवतानाच सांगायचे, “पोपटीबाई गुणगुणल्या की वाफेच्या तोटीवर हात ठेवायचा.” पण तिचं ते गाणं नव्हतं. गळ्यातून सूर निघाला की तिच्या डोळ्यांपुढे, नाकाच्या शेंड्यापासून हातभर अंतरावर, रंगाचा एक पदर उभा राहायचा. प्रत्येक छटेला तिने आपल्या गळ्यातली एकेक जागा नेमून ठेवली होती. निळ्यासाठी गळ्याचा वरचा भाग, मातकटासाठी छातीजवळचा. नमुना आला की त्याचा सूर एकदा पक्का करायचा, मग टाकीवर तो गुणगुणायचा, आणि समोरचा पदर अन् ओलं कापड एकमेकांत विरघळले की थांबायचं. नमुना तिच्या गळ्यात असायचा. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं होतं ना, बोलायचं नाही.

गावात नवं नाट्यगृह बांधून झालं आणि त्याच्या पडद्याचं काम या कारखान्याला मिळालं. मखमलीचे लांबच लांब पट्टे, शिवून एक करायचे. रंग कसला, तर वाळत आलेल्या गुलाबाच्या पाकळीचा तांबडा. नमुना हातात येताच पोपटी खुलली. असा रंग रोज मिळत नाही. तिने त्याला गळ्यातली मऊ जागा दिली. निम्मे पट्टे रंगून निघाले. मेस्त्रींनी ते उन्हात धरून पाहिले आणि नुसतं “वा” म्हणाले. मेस्त्रींचं ‘वा’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तासाभराच्या कौतुकाइतकं.

मग थंडीत तिचा घसा धरला. खोकला, ताप, अंथरूण. बरी होऊन परतली तेव्हा आवाज थोडा जाडसर झाला होता. भाऊ म्हणाला, “आता दरोडेखोरांच्या टोळीत घेतील तुला.” ती हसली आणि कामाला लागली. उरलेले पट्टे रंगवले. गळ्यातली तीच मऊ जागा, तेच गुणगुणणं.

सगळे पट्टे तात्पुरते जोडून नाट्यगृहात टांगले त्या दिवशी कारखान्यातली बरीच माणसं बघायला गेली होती. पडदा वर चढला, दिवे लागले. मधोमध एक रेघ उभी होती. डावी बाजू गुलाबाची, उजवी बाजू काळवंडलेल्या रक्ताची. नाट्यगृहाचे व्यवस्थापक हळूच म्हणाले, “हा एक पडदा आहे की दोन?”

पोपटीला पाय टेकवायला जमीन उरली नाही.

मेस्त्री भला माणूस. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन म्हणाले, “वय होतं, बाई. डोळे दगा देतात, माझेही देतील. तुम्ही बांधणीखात्यात बसा. कापडाच्या घड्या, कागद, सुतळी. वाफ नाही, ओल नाही.”

“माझे डोळे चांगले आहेत, मेस्त्री.”

“मग त्या रेघेचं काय करू? एकदा डॉक्टरांना डोळे दाखवून या. चांगले निघाले तर बोलू.”

घड्या, कागद, सुतळी. तिला वाटलं, जिवंतपणी आपलीच घडी घालून कुणी फळीवर ठेवतंय.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणजे शांत, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं, भिंगं बदलली, ठिपक्यांची चित्रं दाखवली. एका चित्रापाशी ती अडखळली आणि नकळत बोलून गेली, “तो कोपऱ्यातला पंखा जरा बंद करता का? त्याचा करडा मध्ये येतोय.”

शब्द सुटले आणि तिने ओठ दाबून धरले. एवढ्या वर्षांचा बंद दरवाजा, आणि उघडला तो एका पंख्यापायी! आता हा माणूस हसणार, मेस्त्रींना चिठ्ठी लिहिणार, की बाईच्या डोळ्यांत नाही, डोक्यात बिघाड आहे.

डॉक्टर उठले. पंखा बंद केला. “आता?”

“आता... गेला.”

“पंख्याचा करडा,” ते जागेवर बसत म्हणाले. “आणि माझ्या आवाजाचा?”

ती खाली बघत म्हणाली, “साय असते ना दुधावरची, तसा.”

“बाई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. आणि तुम्ही जे सांगताय ते मी पुस्तकात वाचलंय. असं माणूस समोर बसलेलं आज पहिल्यांदा बघतोय. माझ्या ओळखीची एक मुलगी यावरच संशोधन करते. तिला तुमच्याकडे पाठवू?”

घरी परतताना तिला रस्त्यावरचा प्रत्येक आवाज नव्याने दिसत होता. सायकलची घंटा लिंबासारखी, कुणाच्या तरी खोकल्याची विटकरी लाट. असे लोक असतात. पुस्तकात असतात. म्हणजे आपण खोटं बोललो नव्हतो.

सुट्टीच्या दिवशी ती संशोधक मुलगी घरी आली. खांद्याला पिशवी, केस कसेबसे बांधलेले, आणि बोलण्यात इतकी घाई की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. भाऊ मजा बघायला खुर्ची ओढून बसला. आई कोपऱ्यातल्या पलंगावर पाठ टेकून डोळे मिटून पडली होती. आईला आता फारसं ऐकू येत नाही असा घरातल्यांचा समज होता. ती उत्तरंच देत नसे. तिची एक जुनी सवय मात्र टिकून होती. कारखान्याचा भोंगा झाला की बाकीचे कान झाकत, आणि आई डोळे झाकून घेई.

मुलीने पिशवीतून लाकडी पेटी काढली. आत मखमलीच्या खाचांत पोलादाचे नादकाटे, आपटले की एकेकच ठरलेला सूर देणारे, ओळीने निजलेले. “मावशी, मी एकेक वाजवते. तुम्ही फक्त दिसेल ते सांगा. बरोबर-चूक असं काही नाही.”

टिंग. “फिकट निळा. कडेला पांढरी रेघ.”

टिंग. “मधासारखा.”

असं बराच वेळ चाललं. मग चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मुलीने तेच काटे उलटेसुलटे करून, पाठ फिरवून पुन्हा वाजवले. पोपटीने तेच रंग सांगितले, त्या पांढऱ्या रेघेसकट. मुलीच्या तोंडावर हसू मावेना.

“जुळवून सांगणारं माणूस इथे अडकतं, मावशी. तुम्ही आठवून नाही सांगत, बघून सांगताय.”

“पण मलाच का असं?” पोपटीने विचारलं. आयुष्यभर घशाशी आलेला प्रश्न.

“सगळं अजून कुणालाच कळलेलं नाही. काहींना वाटतं, मेंदूत ऐकण्याची एक खोली आणि रंग ओळखण्याची एक खोली, मध्ये भिंत. तुमच्या भिंतीला दार आहे. एवढंच. आजार नाही, वेड नाही. पुष्कळदा घराण्यात चालत येतं. फक्त गंमत अशी की दोघांना असलं तरी रंग जुळत नाहीत. ज्याचे त्याचे वेगळे.”

“घराण्यात?” भाऊ हसला. “आमच्या घराण्यात डोकं दुखणं तेवढं चालत आलंय.”

मुलीने पुढचा काटा वाजवला. सूर खोलीत लांबत गेला.

“तांबूस,” पोपटी म्हणाली. “तांब्याची नवी कळशी असते तसा.”

“तांबूस?” पलंगावरून आवाज आला. “डोळे आहेत की बटणं? चक्क निळा आहे तो! पावसाळी आभाळासारखा निळा!”

सगळ्यांनी पलंगाकडे वळून पाहिलं. आई उठून बसली होती. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं, आणि तिने हात तोंडावर ठेवला.

“आई?” पोपटी उभी राहिली. “तुला दिसतो?”

आईने पदराशी चाळा केला. मग तिच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाली, “मला शाळेत बाईंनी विचारलं, फळ्याकडे का बघत नाहीस. मी म्हटलं, तुमच्या आवाजाचा पिवळा फळ्यावर पडतो. सगळा वर्ग हसला. गावभर झालं. खुळी म्हणून मला शाळेतून काढलं. मग तू त्या दिवशी ते दार...” ती थांबली. “तुला तरी शाळा मिळू दे म्हटलं. म्हणून गप्प केलं, बाई.”

पोपटीने आईला जवळ घेतलं. एकाच घरात, एकाच छपराखाली दोन बायका सगळं आयुष्य आपापले रंग गिळत बसल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की जगात आपण एकटीच. दोघी रडल्या आणि रडता रडता हसल्या. भाऊ उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला. संशोधक मुलीने लिहायची लेखणी खाली ठेवली. हे तिला लिहायचं नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर मुलगी म्हणाली, “आजी, आता तुम्हीही इकडे या.” आणि तिने उरलेले काटे वाजवायला घेतले. दोघींचं एका रंगावर एकमत होईल तर शपथ. मधल्या एका काट्याला मात्र पोपटी ताडकन म्हणाली, “हाच! हा माझा गुलाब! पडद्याचा!”

“म्हणजे हा सूर तुम्ही टाकीवर गुणगुणता?”

“हाच. बघ ना.” पोपटीने गळ्यातल्या मऊ जागेवरून सूर लावला, काट्याच्या सुरात मिसळायला.

मिसळला नाही. काटा वर राहिला, गळा खाली. डोळ्यांपुढे दोन पदर उभे राहिले. एक गुलाबाचा आणि त्याच्या मागे, त्याला लागूनच, काळवंडलेल्या रक्ताचा. नाट्यगृहातली ती रेघ आता इथे, या खोलीत, तिच्या नाकासमोर उभी होती.

“गळा उतरलाय,” ती म्हणाली. “दुखण्यात माझा गळा खाली उतरला, आणि मी त्याच जागेवरून गुणगुणत राहिले. डोळे नाही चुकले. नमुनाच घसरला!” आपला चेहरा आरशात रोज बघणाऱ्याला म्हातारपण दिसत नाही, तसं झालं होतं तिचं.

“माणसाचा गळा वयाबरोबर, दुखण्याबरोबर बदलतो,” मुलगी म्हणाली. तिने तो नादकाटा रुमालाने पुसला आणि पोपटीच्या तळहातावर ठेवला. “हा बदलत नाही. घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी पोपटी सगळ्या रंगखात्यासमोर उभी राहिली आणि आईने सांगितलेलं तिने पहिल्यांदाच चारचौघांत मोडलं. आवाजाचा रंग, गळ्यातल्या जागा, घसरलेला नमुना, सगळं बोलली. कुणी हसलं, कुणी कोपराने शेजाऱ्याला ढोसलं. वल्हं फिरवणारी एक बाई म्हणाली, “तरीच! मी म्हणायचे, हिच्या गाण्याला चाल कशी नाही!”

मेस्त्रींनी काटा हातात घेतला, टाकीच्या कडेवर आपटला, कानाशी धरला. “मला नुसतं टिंग ऐकू आलं.”

“तुम्हाला तेवढंच ऐकू येणार, मेस्त्री.”

“बाई, नव्या मखमलीचा एवढाच गठ्ठा मिळालाय. पुन्हा चुकलं तर नाट्यगृहवाले पडदा दुसरीकडून आणतील, आणि आपण दोघं बांधणीखात्यात सुतळी कापत बसू.”

“सुतळी तुम्ही कापा. मी रंग करते.”

मेस्त्रींच्या मिशा हलल्या. “तोटीवर मी स्वतः उभा राहतो,” ते म्हणाले.

मखमल टाकीत उतरली. वाफ चढली. पोपटीने वल्ह्यावर कापडाचं टोक उचललं, दुसऱ्या हाताने काटा टाकीच्या कडेवर वाजवला आणि त्याची दांडी तांब्याला टेकवली. सगळी टाकी घुमली. आणि त्या घुमण्यातून गुलाबाचा पदर उठला तो कधी नव्हे इतका मोठा, टाकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाफेवर पसरलेला. ओलं कापड त्याच्याकडे सरकत होतं. अजून थोडं. अजून.

“थांबवा!”

मेस्त्री वाकून बघत म्हणाले, “अजून फिकं आहे. वाळल्यावर आणखी उतरेल.”

“थांबवा म्हणते ना!”

मेस्त्रींचा हात क्षणभर तोटीवर अडकला. बुद्धी एक सांगत होती, आणि इतक्या वर्षांचा शेजार दुसरं. त्यांनी तोटी फिरवली.

पट्टा वाळेपर्यंत कुणाचंही कामात लक्ष नव्हतं. जो तो काहीतरी निमित्त काढून वाळवणाच्या खोलीत डोकावून जात होता. अखेर मेस्त्रींनी पहिल्या निम्म्यातला पट्टा आणला आणि नव्याच्या शेजारी खिडकीत टांगला. मागे सरले. पुन्हा जवळ गेले. बोटाने जोड चाचपला, कारण डोळ्यांना तो सापडत नव्हता.

“वा,” मेस्त्री म्हणाले. आणि मग, जे त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं, पुन्हा एकदा, “वा!”

रंगखात्यात असा कल्ला उठला की शेजारच्या खात्यातली माणसं आग लागली समजून धावत आली. पोपटी वल्ह्याला टेकून उभी होती. तिला सगळा कल्ला दिसत होता: केशरी, हिरवा, शेंदरी, एकावर एक फुटणारा. उरलेले पट्टे झरझर निघाले. काटा तिने गळ्यात दोऱ्याने अडकवला तो कायमचा.

नाट्यगृह उघडलं त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत मेस्त्री, पोपटी, तिची आई आणि भाऊ बसले होते. पलीकडे ती संशोधक मुलगी आणि डोळ्यांचे डॉक्टर. समोर पडदा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध. एवढं मोठं गुलाबाचं फूल कुणी आजवर पाहिलं नव्हतं. व्यवस्थापकांनी भाषणात कारखान्याचं नाव घेतलं, मग चष्मा सावरून म्हणाले, “आणि हा रंग ज्यांनी ऐकून केला, त्या पोपटीबाई उभ्या राहतील का?”

ती उभी राहिली. टाळ्यांचा पाऊस पडला, सोनेरी, आणि तिने तो गिळला नाही. डोळे भरून पाहिला.

मग खालचे वादक सूर जुळवू लागले. पितळी वाद्यांचा लांब खर्ज आला.

“जांभळा,” पोपटी पुटपुटली.

“कसला जांभळा? हिरवा, शेवाळी,” आई मोठ्याने म्हणाली. मागच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. आईला आता कुणाची पर्वा नव्हती. कितीतरी वर्षांचं बोलायचं साठलं होतं.

“हळू, आई!”

“का हळू? आणि आणखी एक सांगते. इतकी वर्षं मनात ठेवलंय.” आई तिच्याकडे झुकली. “ते मागचं दार गं. ते पोपटी नव्हतंच मुळी. हळदीसारखं पिवळं होतं.”

भावाने कपाळाला हात लावला. “म्हणजे आता एवढ्या मोठ्या बाईचं नाव बदलायचं की काय?”

“मुळीच नाही,” पोपटी म्हणाली. “मी स्वतः पाहिलंय. पोपटीच होतं.”

आई तोंड उघडणार, इतक्यात दिवे मंदावले आणि गुलाबाचा पडदा अखंडच्या अखंड हळूहळू वर चढू लागला.